सत्कार पुरे, आता अभ्यासिका उघडा!

दरवर्षी जून-जुलै आला की आमच्या मंडळांच्या सभागृहांत शालींचे गठ्ठे आणि नारळांची पोती येऊन पडतात. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार! व्यासपीठावर अकरा खुर्च्या, समोर पालक, कोपऱ्यात समई. पाहुणे उठतात आणि सांगतात, "सीमाभागातील मराठी मुलांनी आता स्पर्धेत उतरले पाहिजे." टाळ्या पडतात, फोटो निघतो, चहा-उपमा होतो आणि सभागृहाला कुलूप लागते. ते पुन्हा उघडते कोणाच्या तरी साखरपुड्याला.

हे आम्ही कोणा एका मंडळाला टोचून बोलत नाही. त्या अकरा खुर्च्यांवर आम्हीही बसलो आहोत आणि ते वाक्य आम्हीही बोललो आहोत. म्हणूनच आज विचारायचे आहे की स्पर्धेत उतरा म्हणून सांगणाऱ्यांनी उतरण्यासाठी पायरी तरी बांधून दिली काय? ज्याला पंच्याण्णव टक्के पडले त्याला शाल मिळाली. सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या पोरांचे काय? येळ्ळूरच्या शेतकऱ्याची मुलगी, वडगावच्या विणकराचा मुलगा, खानापूरच्या बसवाहकाची लेक. यांच्यापैकी कोणी "मला डॉक्टर व्हायचंय" म्हणाले की घरातले गप्प होतात आणि शेजारचे हसतात. या हसण्याविरुद्ध आमचे हे लिहिणे आहे.

पहिली थाप : हे हुशारांचे काम

वैद्यकीय प्रवेशासाठी आता देशभर एकच परीक्षा आहे, नीट. २०१३ साली ती पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि २०१६ साली न्यायालयाच्याच आदेशाने परत आली. ही परीक्षा म्हणजे हिमालय, असे एक चित्र आमच्या घराघरांत उभे आहे. जरा आकडे मांडून पाहू.

२०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण होते. वेळ तीन तासांची. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक गुण वजा, सोडले तर शून्य. भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. म्हणजे निम्मे गुण, ३६०, एकट्या जीवशास्त्राचे! ज्या विषयाला गणिताची धास्ती नाही, जो वाचून, आकृत्या काढून आणि पुन्हा पुन्हा घोटून पक्का होतो, त्यावर निम्मी परीक्षा उभी आहे.

आणि हे प्रश्न येतात कोठून? बहुतांश अकरावी-बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकांतून. २०२४ च्या परीक्षेपासून तर अभ्यासक्रमही कमी करून त्या पुस्तकांच्या जवळ आणला आहे. आता आमच्या पालकांना ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. कर्नाटकातील पीयूसी विज्ञान शाखेने दहा वर्षांहून अधिक काळापूर्वीच एनसीईआरटीचा अभ्यासक्रम उचलला आहे. तुमच्या मुलाच्या दप्तरात आज जे पुस्तक आहे, परीक्षेचे पुस्तकही तेच. ते पुस्तक कोरे ठेवून आपण हजारो रुपयांच्या जाडजूड नोट्स विकत आणतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

एक साधा हिशेब. जीवशास्त्रात ८० बरोबर, १० चूक : ३१०. रसायनात ३० बरोबर, ८ चूक, बाकी सोडले : ११२. भौतिकशास्त्रात, जिथे आमची मुले हात टेकतात, २२ बरोबर, ८ चूक, बाकी सोडले : ८०. बेरीज ५०२. भौतिकशास्त्राचे निम्मे प्रश्नही बरोबर न येता पाचशेचा आकडा पार झाला. २०२४ च्या सोप्या पेपरात पाचशे गुणांना फार किंमत नव्हती हे खरे. पण २०२५ च्या अवघड पेपरात देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ होते, तिथे पाचशे ही मोठी मजल होती. तेव्हा गुणांच्या आकड्याला भिऊ नका, सारा खेळ क्रमांकाचा आहे. जो पेपर तुम्हाला अवघड, तो सगळ्यांनाच अवघड.

गोड बोलून फसवणे हा आमचा धंदा नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०२५ साली बावीस लाखांहून अधिक मुले बसली आणि बारा लाखांहून अधिक पात्र ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. पात्र होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. सरकारी महाविद्यालयाची वर्षाची फी हजारांत मोजतात, खासगीची लाखांत, आणि अभिमत विद्यापीठांत ती वर्षाला वीस लाखांच्या घरात जाते. आमच्यासारख्यांना परवडणारी लढाई सरकारी जागेची आहे. ती अवघड आहे, पण हुशारांच्या वतनातली नाही. ती नेमाने बसणाऱ्यांची आहे.

दुसरी थाप : पैसा ओतल्याशिवाय होत नाही

आमच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याने मुलीसाठी कर्ज काढून शहरातल्या एका क्लासला दोन वर्षांची फी एकरकमी भरली. पहिल्या महिन्यात चाचणी झाली आणि मुले तुकड्यांत वाटली गेली. वरच्या तुकडीला नावाजलेले शिक्षक, खालच्या तुकडीला कालपरवा पदवी घेतलेले. मुलगी मराठी शाळेतून आलेली, साहजिकच खालच्या तुकडीत पडली. फलकावर फोटो लागणार वरच्या तुकडीतल्यांचे आणि त्या फोटोंचा खर्च निघणार खालच्या तुकडीच्या फीतून! सहा महिन्यांनी मुलीने जायचे सोडले. फी परत मागायला बाप गेला तेव्हा त्याला पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचून दाखवण्यात आला. त्याने तो मराठी माणसाच्या सवयीप्रमाणे निमूटपणे ऐकून घेतला.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना घेऊ नये, गुणांची वा क्रमांकाची हमी देऊ नये, मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत करावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे आणि ती कशी होते हे आपण जाणतो. पण निदान ते कागद हाती घेऊन जाणारा एक माणूस मंडळाने त्या बापासोबत पाठवायला नको होता काय?

क्लास वाईटच असतात असे आम्ही म्हणत नाही. चांगला शिक्षक मिळाला आणि फी झेपणारी असली तर जरूर जावे. पण शेत गहाण टाकून कोट्याला पाठवू नका. २०२३ या एका वर्षात कोट्यात दोन डझनांहून अधिक मुलांनी आपले आयुष्य संपवले. ती कोणाची तरी एकुलती एक लेकरे होती. मूल घरी राहून दोन वेळचे गरम जेवते, आई-बापांशी बोलते, याची किंमत कोणत्याही हमखास तुकडीपेक्षा मोठी आहे.

आणि "सीट करून देतो" म्हणणारा कोणी दारात आला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. २०२४ च्या पेपरफुटीनंतर "सगळं ठरलेलंच असतं" असे म्हणायची एक फॅशन झाली आहे. पाटणा-हजारीबागेत पेपर फुटला हे खरे आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. पण संपूर्ण परीक्षाच नासली असे म्हणायला पुरावा नाही, असे सांगून न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फेरपरीक्षा नाकारली. चोर सापडले म्हणून गावाने शेती सोडायची नसते.

तिसरी गोष्ट थाप नव्हे, खरी अडचण : भाषा

नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही निघते. आज एकूण तेरा भाषा आहेत. हे वाचून आमच्यातल्या कित्येकांची छाती फुगली होती. पण माहितीपुस्तिकेतला भाषांचा तक्ता कोणी नीट पाहिला काय? इंग्रजी, हिंदी आणि उर्दू प्रश्नपत्रिका देशातल्या कोणत्याही केंद्रावर मिळतात. मराठीसमोर मात्र लिहिलेले असते, महाराष्ट्रातील केंद्रे. म्हणजे बेळगावच्या केंद्रावर बसणाऱ्या मराठी मुलाला मराठी प्रश्नपत्रिका नाही. ती हवी असेल तर त्याने कोल्हापूर गाठायचे. बडोद्याच्या मराठी मुलाला गुजराती मिळेल, हैदराबादच्या मुलाला तेलुगू मिळेल, इंदूर-ग्वाल्हेरकडच्याला हिंदी मिळेल, मराठी कोणालाच नाही. मराठी मुलगा महाराष्ट्राची हद्द ओलांडला की त्याची मातृभाषा बदलते असा या परीक्षायंत्रणेचा समज दिसतो! हिंदी-उर्दूच्या प्रश्नपत्रिका बेळगावच्या केंद्रावर पोचू शकतात, तर मराठीचे एक पाकीट पोचायला कोणती दरी आड येते? हे निवेदन आमच्या संघटनांनी कधीच द्यायला हवे होते.

आता स्वतःच्या पदरात झाकलेले निखारेही दाखवतो. उद्या बेळगावला मराठी प्रश्नपत्रिका मिळाली तर ती घेणार किती? आमची मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पीयूसी विज्ञानाला एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. महाराष्ट्रातही अकरावी-बारावी विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवतात. म्हणून गुजरातीतून नीट देणारी मुले दरवर्षी हजारोंनी असताना मराठीतून देणारी त्यांच्या मानाने फारच थोडी असतात. गुजरातने बारावीपर्यंतचे विज्ञान गुजरातीत शिकवले, त्याचे हे फळ. आपण भाषेच्या नावाने मोर्चे काढले आणि भाषेतून विज्ञानाची पुस्तके काढायची राहून गेली.

तेव्हा हक्क म्हणून मराठी प्रश्नपत्रिकेसाठी भांडलेच पाहिजे. पण यंदा परीक्षेला बसणाऱ्या आणि पीयूसी इंग्रजीतून करणाऱ्या मुलाला आमचा सल्ला वेगळा आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजीच घे, मात्र समजून घे मराठीत. एक वही कर आणि तिच्यात तीन रकाने आख. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात शाळेत शिकलेला मराठी शब्द, तिसऱ्यात आपल्या भाषेत एका ओळीचा अर्थ. ऑस्मोसिस म्हणजे परासरण, एन्झाइम म्हणजे विकर, हॉर्मोन म्हणजे संप्रेरक, क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्र, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे तंतुकणिका. रोज दहा शब्द धरले तर शंभर दिवसांत हजार होतात. मराठी शाळेत शिकलेले वाया गेले, हा न्यूनगंड त्या वहीने जातो. जे दहावीला मराठीतून पक्के समजले होते, त्याला फक्त नवे नाव लागते.

मग सामान्य मुलाने करायचे काय?

पहिले म्हणजे, फर्स्ट पीयूसीला सुट्टी समजू नका. अभ्यासक्रमाचा निम्म्याच्या आसपासचा भाग अकरावीचा असतो. आमची मुले दहावीच्या सत्काराच्या नशेत ते वर्ष घालवतात आणि बारावीच्या जानेवारीत घाबरून उठतात.

दुसरे, जीवशास्त्राचे पुस्तक ओळ न ओळ वाचा. आकृतीखालचा मजकूर, तक्ते, धड्याच्या शेवटचा सारांश, काहीही सोडू नका. एकदा वाचून भागत नाही, चार-पाच आवर्तने हवीत. आई पोळ्या करीत असेल तर तिच्यासमोर बसून तिला धडा मराठीत सांगा. जे सांगता येत नाही ते समजलेले नाही.

तिसरे, भौतिकशास्त्रात अडते ते बहुधा भौतिकशास्त्रावर नव्हे, नववी-दहावीच्या गणितावर. त्रिकोणमिती, आलेख, घातांक, लॉगॅरिदम, सदिश यांना सुरुवातीचे दोन महिने द्या. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून आकडेमोड हातानेच करण्याची सवय ठेवा. धडा झाला की त्यावरची पंधरा-वीस उदाहरणे स्वतः सोडवा. दुसऱ्याने सोडवलेले उदाहरण पाहणे म्हणजे दुसऱ्याचे जेवण पाहणे.

चौथे, दर रविवारी दुपारी दोन ते पाच पेपर सोडवा. नीट दुपारी असते आणि आमची मुले त्या वेळी वामकुक्षी घेतात. जुन्या वर्षांचे पेपर फुकट मिळतात, आयआयटी कानपूरच्या मदतीने सरकारने काढलेले 'साथी' हे मोफत व्यासपीठही आहे. उत्तरे छापील ओएमआर कागदावर काळ्या बॉलपेनानेच भरा. तीन तासांत १८० प्रश्न म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, आणि गोल रंगवायची वेळही त्यातच. पेपर झाला की चुकांची वेगळी वही ठेवा : माहीत नव्हते, माहीत असून चुकले, की घाईत वाचले? या तिसऱ्या रकान्यातले गुण कोणत्याही क्लासशिवाय परत मिळतात.

पाचवे, वजा गुणांचा बाऊ नको आणि जुगारही नको. चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर उरलेल्यांतून एक निवडा, सरासरीने फायदाच होतो. एकही खोडता येत नसेल तर पुढे चला.

सहावे, एकदा जमले नाही तर आकाश कोसळत नाही. याच परीक्षेच्या गुणांवर आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे प्रवेश होतात. पुन्हा एक वर्ष द्यायचे असेल तर द्या, पण आधी चुकांची वही उघडून ठरवा. नुसत्या जिद्दीवर तिसरे-चौथे वर्ष घालवू नका.

आणि मंडळांनी काय करायचे?

आता पाळी आमची. मुलांना दहा गोष्टी सांगून आपण नामानिराळे राहायचे, हा सत्काराचाच दुसरा प्रकार झाला.

सभागृह पहाटे पाचला उघडा आणि रात्री दहाला बंद करा. तीस टेबले, चांगले दिवे, पंखे, पिण्याचे पाणी आणि एनसीईआरटी पुस्तकांचे दहा संच ठेवा. दोन वर्षांच्या शाली-श्रीफळांच्या खर्चात हे सहज बसते. ज्या घरात एकाच खोलीत पाच माणसे राहतात, त्या घरातल्या मुलीला शांत जागा देणे हे कोणत्याही शिष्यवृत्तीहून मोठे देणे आहे. मुलींना रात्री घरी पोचवायची जबाबदारीही मंडळाने घ्यावी.

आपल्यातले निवृत्त शिक्षक, डॉक्टर आणि वैद्यकीयला शिकणारी मुले यांनी आठवड्याला दोन तास द्यावेत. रविवारचा पेपर सभागृहातच व्हावा, घड्याळ लावून. शब्दांची ती वही मंडळाने एकदा नीट छापून काढावी म्हणजे ती बडोद्यालाही उपयोगी पडेल आणि पणजीलाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज भरण्याचे मदतकेंद्र उघडावे. सायबर कॅफेतला पोऱ्या घाईत जे दाबेल ते आमच्या मुलांचे भवितव्य ठरते, हे थांबले पाहिजे. ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात आणि कर्नाटकात त्यासाठी सात वर्षे येथे शिकल्याचा दाखला लागतो. पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांना ग्रामीण आरक्षण आहे, त्याचा दाखला वेगळा. खेड्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाचाही त्यावर हक्क आहे, हे किती पालकांना माहीत आहे? कागद वेळेत नाही म्हणून जागा गेली, असे आमच्या भागात दरवर्षी ऐकू येते.

आणि महाराष्ट्राने विवादित सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मोजक्या जागा ठेवल्या आहेत, त्यांचे काय? ८६५ गावे हा आकडा आमच्या लेकरांना पाढ्यासारखा पाठ आहे. त्या आकड्यावर मिळणाऱ्या जागेला कोणते दाखले लागतात आणि अर्ज कधी भरायचा, हे विचारले तर व्यासपीठावरच्या अकरांपैकी किती जण सांगू शकतील? साठ-सत्तर वर्षे लढून मिळालेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे. ती माहितीअभावी रिकामी जाऊ देणे हा त्या लढ्याचाच अपमान आहे.

काही मंडळी म्हणतील की ही परीक्षाच अन्यायाची आहे, आधी तिला विरोध करू. तमिळनाडूने २०२१ साली नीटविरोधात विधेयक केले, कर्नाटक विधिमंडळानेही जुलै २०२४ मध्ये ठराव केला. परीक्षेमुळे खेड्यातला आणि मातृभाषेतून शिकलेला मुलगा मागे पडतो, हा आक्षेप आम्हालाही मान्य आहे. पण तमिळनाडूने नुसता विरोध करून हात झटकले नाहीत. २०२० साली सरकारी शाळेतल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. एका हाताने भांडायचे आणि दुसऱ्या हाताने मुलांना वर ओढायचे, याला शहाणपण म्हणतात. आम्ही मात्र दोन्ही हात टाळ्या वाजवण्यात गुंतवले आहेत.

बंधू-भगिनींनो, आपल्या गावच्या दवाखान्यात म्हातारी आजी जाते तेव्हा तिला पोटात कोठे दुखते हे सांगायला मराठी समजणारा डॉक्टर लागतो. तो आकाशातून पडत नाही. तो आज कोणत्या तरी पत्र्याच्या घरात, भावंडांच्या गोंगाटात, कानांत बोटे घालून पेशीविभाजनाचा धडा वाचतो आहे. त्याला शाल नको, टेबल हवे.

येत्या सर्वसाधारण सभेत सत्काराच्या खर्चाचा ठराव येईल तेव्हा सभासदांनी उठून एवढेच विचारावे : सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे?